हाताच्या पाठीचं माप

तळघरात, धुलाई मशीनच्या पलीकडे,
बल्ब उभा टांगलाय. उघडाच.
वर पत्र्याची टोपी नाही,
नुसती साखळी आणि चारशे वॅट.
टोपी घातलीस की उजेड खाली सांडतो, आर्विड म्हणाला,
असाच सोड, मग तो चहूकडे बघतो.
तीस वर्षं त्याने गोदीवर बोटींत लोहखनिज ओतलं,
आता बरण्यांत टोमॅटो ओततो.

बाहेर डुलुथ. उणे सव्वीस.
सरोवराने कडेकडेने साय धरलीय.
खिडकी म्हणजे जमिनीलगतची फट,
तिच्यात अर्धा बर्फ, अर्धा शेजाऱ्याचा बूट.

मी कुंड्या मांडते.
मिरच्या पुढे, जमिनीवर.
त्यांच्यामागे विटांवर वांगी,
त्यामागे पालथ्या बादल्यांवर टोमॅटो.
कुस्तीच्या हौदाभोवती माणसं बसतात तशी,
बुटकी पुढे, उंच मागे,
कुणाचं डोकं कुणाच्या आड नाही.

किती जवळ?
पानाच्या टोकाशी हाताची पाठ धरायची
आणि तीस मोजायचे.
मला सोसलं तर मिरचीला सोसतं.
पहिल्या आठवड्यात मी अठराला हात ओढला.
मिरचीला ओढता येत नव्हता.
तिची वरची चार पानं
कडेने पापडासारखी झाली तेव्हा
मी तिला एक फरशी मागे घेतलं.

दिवसभर मी एक्स-रे काढते.
श्वास धरा. हलू नका. सोडा.
आणि मी स्वतः शिशाच्या काचेआड.
तिथे अंतर म्हणजे शहाणपण:
दुप्पट लांब उभं राहावं,
अंगावर चौथाईच येतं.
एकवीस वर्षं हे गणित मी निसटण्यासाठी वापरलं.
घरातही वापरलं थोडं. ते असो.
इथे खाली तेच गणित उलटं सोडवते.
वीतभर लांब ठेवली तर मेथी माना टाकते,
बोटभर पुढे घेतली तर उठून बसते.

रविवारी पाव फेरा, प्रत्येक कुंडीला.
नाहीतर सगळी एका अंगाला झुकतात,
भिंतीकडची बाजू पिवळी, बोडकी.
ईशानी जिन्यावरून ओरडते,
आई, खाली कुणाशी बोलतेस?
कुणाशी नाही गं. आकडे मोजतेय.
थोडंफार वांग्याशीही.

आणि बरोबर बल्बच्या खाली
मी कढीपत्ता ठेवला होता.
मिनीआपोलिसहून आणलेला,
अडीच तास मांडीवर, कोटात गुंडाळून.
सगळ्यांत लाडका, म्हणून सगळ्यांच्या मधोमध,
देव्हाऱ्यात ठेवावा तसा.
महिन्याभरात तो लांबुडका झाला,
दोरीसारखा, एका पानापासून दुसरं पान
हाक मारावी इतकं दूर.
खत घातलं. पाणी कमी केलं. मग जास्त केलं.
आर्विड गुडघे कुरकुरत वाकला,
बल्बच्या टोकाकडे बोट करून म्हणाला,
हा बाजूंनी देतो. पायाशी याच्याकडे फारसं काही नसतं.

आमच्याकडे यावर म्हण आहे, मी म्हटलं.
ती मला शाळेपासून पाठ होती.
फक्त ती माणसांबद्दल आहे
असं मी समजत होते.

आता कढीपत्ता कडेला, मिरची आणि वांग्याच्या मध्ये,
काठीला बांधलेला. खालून एक फुटवा आलाय,
नखाएवढा, तेलकट हिरवा.
मधल्या जागेत अळूची बादली.
अळूला कमी लागतं, असं आर्विड म्हणतो,
असं मीही म्हणते.
तरी झोपायला जाण्याआधी
त्याच्या पानावर हाताची पाठ धरते
आणि मोजते. तीस. चाळीस.
साठ झाले तरी
काही भाजत नाही.
वर ईशानी दिवे मालवत चाललीय.
एकसष्ट.